तुम्ही दिलेला एक असिस्ट

सर, परवाच्या शनिवारी तुमच्या खुर्चीवर फरीदाबादच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी काम नीट केलं. कुठे अडखळल्या नाहीत, सामना संपल्यावर दोन्ही संघांचे आकडे लगेच जुळले. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

फक्त त्या हिंदीत बोलत होत्या. 'नीला सात, दो वाला, मिस. रिबाउंड सफ़ेद ग्यारह.' पहिला क्वार्टरभर माझी बोटं जरा मागेच राहत होती. सहा वर्षं ती मराठीवर चालली होती. दुसऱ्या क्वार्टरपासून जमलं. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

मागच्या आठवड्यात तुमच्या घरी गेले तेव्हा काकूंच्या नागपूरच्या बहिणीनं मला विचारलं, तुम्ही दोघं तिथे नेमकं करायचात काय? मी सांगितलं, बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये सामन्याची आकडेवारी ठेवायचो. सर मैदानाकडे बघून बोलायचे, मी लॅपटॉपकडे बघून टाइप करायचे. चेंडू कोणी टाकला, आत गेला की बाहेर, परत आलेला चेंडू म्हणजे रिबाउंड कोणाचा, चेंडू कोणी घालवला म्हणजे टर्नओव्हर. त्या म्हणाल्या, "म्हणजे तू मॅच बघायचीसच नाही?" मी म्हटलं, "नाही, ऐकायचे." बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी बास्केटबॉल सहा वर्षं तुमच्या आवाजात ऐकला.

आपली ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, मसालेभाताच्या रांगेत. मी पुण्याहून नोएडाच्या कंपनीत येऊन वर्षच झालं होतं. कोणीतरी म्हणालं, हे बनसोड, सरकारी खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत, मयूर विहारला असतात, शनिवार-रविवार बास्केटबॉलच्या मॅचला टेबलवर बसतात. मी सांगितलं, मी कॉलेजच्या संघात होते. तुम्ही माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणालात, "मग खेळ विसर आधी. खेळणारा चेंडूमागं पळते. आपण हात बघायचे. चेंडू कोणाच्या हातातून सुटला, एवढंच." पस्तीस वर्षं दिल्लीत काढूनही तुमचं ते 'पळते' गेलं नव्हतं.

पहिला महिना तुम्ही मला बोलायला बसवलंत. मी उत्साहात 'वा, काय मारला' असं म्हणायचे आणि पुढचे दोन रिबाउंड निसटायचे. मग माझा टायपिंगचा वेग बघून तुम्ही जागा बदलल्या. "तू बघू नको," म्हणालात. "मी बघून राहिलो ना." त्यानंतर चाळीस मिनिटांच्या खेळात आपण एकमेकांकडे एकदाही बघायचो नाही. आणि तरी तुमचा आवाज अर्ध्या सुरानं चढला की मला कळायचं, समोर काहीतरी सुंदर झालंय. शब्द तेच असायचे. 'पांढरा चार, तीनचा, आत.'

एका संघाच्या कोचनं तक्रार केली होती, आठवतंय? टेबलवरचे दोघं सांकेतिक भाषेत बोलतात म्हणून. अधिकारी चौकशीला आले. तुम्ही उठून उभे राहिलात आणि शांतपणे म्हणालात, "कोड नहीं है भाई, मराठी है." मग त्या कोचला बोलावून तुम्ही एक ते पंधरा आकडे म्हणून दाखवलेत. पुढच्या सामन्यापासून तो येता-जाता आपल्याला 'पंधरा, पंधरा' म्हणायचा.

खेळाडूंनी मात्र तुमचं नाव 'कंजूस अंकल' ठेवलं होतं. ते असिस्टवरून. गुण, फाउल, रिबाउंड या गोष्टी घडतात आणि सगळ्यांना दिसतात. असिस्ट टेबलवरच्या माणसाला द्यावा लागतो. पास मिळाल्यावर पुढच्यानं सरळ बास्केट केली, तर पास देणाऱ्याला असिस्ट. त्यानं स्वतः समोरच्याला चकवलं, ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, जागा काढली आणि मग टाकला, तर ती बास्केट त्याची एकट्याची. यातली सीमारेषा बारीक असते आणि तुम्ही नेहमी रेषेच्या अलीकडे थांबायचात. दुसऱ्या शहरांतली टेबलं सढळ होती. आपल्या टेबलसमोर खेळलेल्या गार्ड्सचे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन पास देणाऱ्यांचे, असिस्ट कमी दिसायचे. मी तसं म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "फुगवलेला आकडा खेळाडूच्या कामाचा नाही. पुढच्या टीममध्ये गेला की फुटते."

म्हणून तर त्या दिवशी मला ते समजेना.

सतबीर. निळा सात. संघातला सगळ्यात बुटका, आणि पास असा देणारा की घेणाऱ्यालाही चेंडू हातात आल्यावर कळावं. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लाइनवर काम करायचा. सकाळची पाळी संपवून कंपनीच्या बसनं, मग शेअर ऑटो, मग मेट्रो, असा सामन्याला पोचायचा. वॉर्मअपला बहुतेक वेळा शेवटचा. त्याचा करार एकेका मोसमाचा होता, आणि त्यात घर चालण्यासारखं नव्हतं. त्या वर्षी एका मोठ्या संघाच्या मॅनेजरनं त्याला सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, असिस्टच्या यादीत पहिला आलास तर पुढचे तीन मोसम आमच्याकडे, कारखाना सोडून दे. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात तो मैदानात उतरला तेव्हा पहिल्या नंबरच्या मुलाच्या किती मागे आहे, हे स्टेडियममधल्या चहावाल्यालाही माहीत होतं. त्या दुसऱ्या मुलाचे सामने संपले होते. सतबीरला त्याला गाठून एक जास्त हवा होता.

चौथा क्वार्टर संपत आला तेव्हा त्यानं गाठलं होतं. एक हवा होता. मी खाली मान घालून बसले होते. तुमचा आवाज आला, "निळा चौदा, दोनचा, आत." आणि मग एक क्षण गेला. तुमच्या बाबतीत तो क्षण कधी जात नसे. "असिस्ट, निळा सात."

मी टाइप केलं. पण तो मधला क्षण मला टोचला.

सामना संपल्यावर आपल्याला तपासणीसाठी वेळ मिळतो. तुमची शुगर खाली जायची म्हणून तुम्ही खायला बाहेर गेलात. मी वरच्या खोलीत व्हिडिओ लावला. चौदा नंबरनं चेंडू तीन गुणांच्या रेषेच्या बराच बाहेर घेतला होता. समोर बचाव करणारा सरळ उभा होता. चौदानं खांद्यानं हुलकावणी दिली, एक ड्रिबल, दुसरा ड्रिबल, आणि मग टाकला. मी तीनदा बघितलं. असा असिस्ट तुम्ही त्या अख्ख्या मोसमात कोणालाही दिला नव्हता. सतबीरलाही नाही. मी तो काढला, शीट छापली आणि तुमच्यासमोर ठेवली.

तुम्ही नेहमीसारखं पेन घेऊन एकेक ओळ वाचत आलात. सातच्या ओळीवर पेन थांबलं.

"हे तू केलं?"

"हो सर. दोन ड्रिबल आहेत. व्हिडिओ बघा ना."

"व्हिडिओ नको."

"तुम्हाला पटत नसेल तर परत टाकते. शेवटचा शब्द तुमचाच आहे."

तुम्ही खिडकीकडे वळलात. खिडकीतून खाली सतबीर दिसत होता, संघातली पोरं त्याला उचलून घेत होती. त्यांनी मनात मोजलं होतं, आणि त्यांच्या मोजणीत तो असिस्ट होता. तुम्ही ओळी पूर्ण वाचल्यात, बेरजा तपासल्यात, आणि सही केलीत.

मेट्रोत मी तुमच्या शेजारी बसले होते. यमुनेवरचा पूल आला तेव्हा मीच सुरुवात केली.

"सर, काहीतरी बोला यार." माझ्या तोंडून 'यार' गेलं, तुम्ही हसलातही नाही.

"काय बोलू? तू नियमानं केलं."

"मग तुम्ही का दिलात?"

"मला दिसला, मी दिला."

"दिसला की द्यावासा वाटला?"

मयूर विहार आलं. तुम्ही पिशवी उचललीत आणि म्हणालात, "उद्या इराला पाठव." एवढंच. वाद तिथे थांबला आणि पुढे तीन वर्षं तिथेच थांबला.

इरा माझी मुलगी. तेव्हा सात वर्षांची. दिल्लीत वाढलेली, घरी मराठी बोलते, पण आकडे आले की इंग्रजीत शिरते. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की खटकायचं बंद झालं होतं. तुम्हाला खटकलं. दर रविवारी सकाळी तुम्ही तिला जुन्या सामन्यांच्या शीट देऊन आकडे वाचायला लावायचात. "आजोबा, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?" "साठ व्हायला एक कमी." "मग आधीच का नाही सांगत कमी आहे?" "आधीच सांगून राहिलो बाई, एकोण म्हणजे एक कमी." काकू आतून हसायच्या. आज ती नव्व्याण्णवपर्यंत बिनचूक म्हणते, आणि तिच्या वर्गात हे येणारी ती एकटी आहे. याचं तिला कौतुक आहे की नाही कोण जाणे. मला आहे.

त्या तीन वर्षांत आपण पुढचे मोसम केले, सहलीला गेलो, माझ्या नोकरीची अडचण तुम्ही ऐकून घेतलीत, काकूंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला मी थांबले. सतबीरचं नाव आपण दोघांनीही घेतलं नाही. यादीत तो मागे राहिला. दोघं बरोबरीत होते, पण कमी सामन्यांत तेवढे केलेला म्हणून वर दुसऱ्याचं नाव आलं. मॅनेजरनं त्या मुलाला घेतलं. सतबीर आणखी एक मोसम जुन्या संघाकडून खेळला, मग दिसेनासा झाला. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर नाराज आहात. कधी वाटायचं, तुम्ही स्वतःवर नाराज आहात, कारण एकदा हात सैल सोडलात आणि तुमच्याच शिष्येनं पकडलं. विचारायला हवं होतं. मी दर शनिवारी तुमच्या शेजारी बसत होते, विचारायला काहीच हरकत नव्हती.

दिवाळीनंतरच्या धुरात तुमची छाती भरली. तुम्हाला दवाखान्यात ठेवलं त्या आठवड्यात माझ्या ऑफिसमध्ये नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. शनिवारी येते म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी फोन लावून तुमच्या कानाशी धरला. ऑक्सिजनच्या आवाजातून तुम्ही म्हणालात, "मागची शीट वाच."

मी लॅपटॉप उघडून वाचली. आधी निळे, मग पांढरे. नाव, मिनिटं, गुण, रिबाउंड, असिस्ट. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी वीस-बावीस माणसांची ओळ न् ओळ वाचली. तुम्ही मधे 'हं' म्हणत होतात. शेवटी म्हणालात, "पांढऱ्यांचे टर्नओव्हर जुळत नाही. एकानं फरक आहे."

मी परत बेरीज केली. जुळत होती.

"हो सर," मी म्हणाले. "एकानं चुकली होती. करते दुरुस्त."

"करून टाक," तुम्ही म्हणालात, आणि तुम्हाला बरं वाटलेलं मला आवाजावरून कळलं. सहा वर्षांत तुमच्यासमोर मी एकच खोटा आकडा कबूल केला, आणि तो तेव्हा.  शनिवारी पहाटे काकूंचा मेसेज आला.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना, तुमच्या खात्यातले तिघं-चौघं बोलले. सगळे तुमच्या शिस्तीबद्दल बोलले. मी मागे बसले होते. वंदना संपता संपता एक माणूस दारात चपला काढून आत आला, कारखान्याचं जाकीट घातलेला. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं.

"टेबलवाली दीदी ना आप?"

सतबीर. अंग भरलं होतं, कानशिलावर चार पांढरे केस. मी विचारलं, तुला कोणी कळवलं? तो म्हणाला, "इस महीने अंकल आए नहीं, तो मैंने फ़ोन किया. आंटी ने उठाया."

"आए नहीं मतलब? कहाँ?"

"मानेसर. महीने में एक बार आते थे."

मला काहीच माहीत नव्हतं, सर. मग हॉलबाहेर चहाचे कप घेऊन त्यानं सांगितलं. यादी लागली त्याच आठवड्यात तुम्ही कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहिला होतात, दुपारी सकाळची पाळी सुटायच्या वेळी, डोक्यावर रुमाल टाकून. तो बाहेर आल्यावर म्हणालात, "तेरा एक असिस्ट कटा है. काग़ज़ पे दस्तख़त मेरे हैं, तो जो पूछना है मुझसे पूछ."

"तूने क्या पूछा?"

"क्या पूछता, दीदी. मैंने बोला, अंकल, धूप में क्यों खड़े हो, चाय पी लो."

पुढे तुम्ही जातच राहिलात. त्यानं कामगारांच्या वसाहतीतल्या मुलींना संध्याकाळी बास्केटबॉल शिकवायला घेतलं, तर तुम्ही त्यांना स्कोअरशीट भरायला शिकवायला लागलात. आता त्यातल्या दोघी जिल्ह्याच्या सामन्यांना टेबलवर बसतात, सतबीर अभिमानानं सांगत होता. त्या मराठीत पंधरापर्यंत मोजतात हेही सांगितलं.

आम्ही दोघं मेट्रोपर्यंत चालत गेलो. मला नोएडाकडे जायचं होतं, त्याला उलट दिशेला. वरच्या मजल्यावर, जिथे दोन जिने वेगळे होतात, तिथे मी थांबले.

"सतबीर, वो असिस्ट मैंने काटा था. अंकल ने तो दिया था. वो बाहर गए थे, तब मैंने काटा. उन्होंने सिर्फ़ साइन किया."

तो थांबला. आजूबाजूनं ऑफिसातून सुटलेली माणसं जात होती, एक-दोघांचा धक्का लागला तरी तो हलला नाही.

"ग़लत था क्या?"

"वीडियो में दो ड्रिबल थे. बंदा सामने खड़ा था."

 त्यानं जाकिटाची चेन वर ओढली. मग म्हणाला, "उस साल मेरी बेटी हुई थी. नौकरी छोड़ने की चिट्ठी लिख के जेब में रखी थी मैंने. मैच में भी बैग में थी."

 माझं बरोबर होतं, आणि ते त्या क्षणी कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मी 'सॉरी' म्हणायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. मैदानात पास मागताना करायचा तसा नव्हे, नुसता थांबवायला.

"अंकल ने आपका नाम कभी नहीं लिया, दीदी. तीन साल में एक बार भी नहीं. तो मैंने भी आज कुछ नहीं सुना."

त्याची गाडी आली आणि तो गेला. मी माझ्या दोन गाड्या सोडल्या, मग बसले.

तुमच्याशी हे बोलायला मला आता कुठली मॅच उरलेली नाही, म्हणून लिहिते आहे. मानेसरच्या गेटवर मी जायला हवं होतं, आणि तुम्ही गेलात. मला न सांगता गेलात, म्हणजे मला कधी मान खाली घालावी लागू नये. तुम्ही माझी पाठराखण केलीत, आणि वर मी तीन वर्षं समजत राहिले की तुम्ही माझ्यावर रुसला आहात.

पण तो असिस्ट नव्हता, सर. मी आजही तो काढेन. त्यानंतरचं मात्र सगळं तुम्ही बरोबर केलंत.